पुण्याईवर चालणारी फियाट

"मी नाही येणार," आई म्हणाली. "काय व्हायचं ते इथेच होऊ दे."

सिस्टर तिच्या मनगटावरची चिकटपट्टी सोडवत होत्या. त्या थांबल्या. "घरी सोडा, घरी सोडा म्हणून आठवडाभर डोकं खाल्लंसा माझं. आणि आता डॉक्टर सोडतो म्हणाले तर नको?"

"घर नको म्हणत नाही हो. रस्ता नको म्हणतेय."

दादा कॉटच्या पायथ्याशी उभा होता. तो पुण्याहून आला होता आणि आल्यापासून कुणाला ना कुणाला फोन करत होता. "आई, या वेळची अँब्युलन्स चांगली आहे. मी स्वतः बघून आलोय. आत जाड गादी आहे, माणूस असतो सोबत."

"येतानाची काय वाईट होती?" आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

आईचा आजार इथे येण्याआधीच मणक्यात उतरला होता. देवरूखहून कोल्हापूरला येताना मी तिच्याजवळ बसले होते. गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटायची आणि प्रत्येक वळणावर ब्रेक लागायचा, आणि त्या दोन्हींमध्ये आईच्या पाठीत काय होत होतं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, कारण तिने चेहरा पदरात घातला होता. ती एकदाही ओरडली नाही. दवाखान्यात उतरवल्यावर सिस्टरांनी तो पदर तिच्या तोंडातून सोडवून घेतला. त्याला भोकं पडली होती.

आता किरणं देऊन झाली होती आणि करण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. तिला तिची खोली हवी होती. खोलीच्या वाटेत आंबा घाट होता.

नाना खिडकीशी उभे राहून खालचा रस्ता बघत होते. ते वळले नाहीत. "फियाटने नेऊ," ते म्हणाले.

"नाना, हे स्टँडवरून पाहुणे आणायचं काम नाही," दादा म्हणाला. "ती गाडी तुमच्या नोकरीइतकी जुनी आहे."

"मी पण."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. मग तिच्या ओठांची एक कड हलली. "तुमच्या गाडीने? म्हणजे घरी पोचेस्तोवर आंबे पिकतील."

"पिकू देत."

"तर मग येते," आई म्हणाली आणि डोळे मिटले.

*

नाना गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या काटकसरीची एक गोष्ट बरोबर घेऊन येतो. आलेली पाकिटं उसवून, उलटी करून, परत चिकटवून ते कशी वापरायचे. आंघोळीचं पाणी केळींना कसं जायचं. पुलाचं काम चालू असताना गाड्यांची रांग लागली की खाली उतरून प्रत्येक काचेवर टकटक करून ते कसे सांगायचे, "इंजिन बंद करा, उभ्या गाडीला कशाला पाजताय?" लोक सांगतात आणि हसतात. मीही हसते, कारण सगळं खरं आहे. मग चहा होतो.

माझ्याकडे जी गोष्ट आहे ती मी त्यांत घालत नाही. ती बोलून सांगायला मला जमत नाही. म्हणून लिहिते आहे.

नाना शाळांना नकाशे, खडू आणि पृथ्वीचे गोल विकायचे. सगळा जिल्हा त्यांच्याकडे होता. कंपनी प्रवासाचा ठरावीक भत्ता द्यायची, मग गाडी किती का फिरेना. त्यातलं पेट्रोलवर जे खर्च व्हायचं नाही ते घरात यायचं. माझं वसतिगृह, दादाचं कॉलेज, दोन्ही त्या न जळलेल्या पेट्रोलवर झालं. हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, कारण नाना ते लपवत नसत. उलट त्यांना त्याचा भारी अभिमान होता.

त्यांनी त्या शास्त्राला स्वतःचा एक शब्द शोधला होता. पुण्याई. चढ चढताना, वेग घेताना गाडी जे कमावते ती तिची पुण्याई. ब्रेक मारला की ती मातीत गेली. शहाण्या माणसाने पुढचं लांबून बघावं, पाय वेळेवर काढावा आणि कमावलेल्या पुण्याईवर निवांत जावं. "ब्रेक कधी लावायचा?" असं दादाने एकदा विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, "कुणाचा जीव वाचत असेल तेव्हा. बाकी वेळी ब्रेक म्हणजे आधी डोळे मिटले होते याची कबुली."

घरी येताना ते पिंपळाच्या वळणापासूनच पाय काढायचे. फियाट आवाज न करता गल्लीतून तरंगत यायची आणि फाटकातून आत शिरून पडवीसमोर आपसूक थांबायची. बहुतेक वेळा. कधी अंदाज चुकला तर ती फाटकाच्या अलीकडेच उभी राहायची, आणि नानांना परत इंजिन चालू करणं मान्य नसायचं. मग आई पडवीतून ओरडायची, "झालं! पुण्याई संपली. उतरा रे पोरांनो, ढकला."

आईही काही कमी नव्हती. तिची गच्चीवर सूर्यचूल होती, काळ्या डब्यांची आणि आरशाच्या झाकणाची. ऊन नसलं की ती भात अर्धकच्चा उतरवून पातेल्यासकट गोधड्यांमध्ये गुंडाळून ठेवायची. दुपारी गोधडी सोडली की भात मोकळा शिजलेला. गॅसचं सिलिंडर आमच्याकडे इतकं पुरायचं की गॅसवाल्याने एकदा, तुम्ही कुठे दुसरीकडे जेवता का, असं विचारलं होतं. महिन्याच्या शेवटी कुणी जास्त वाचवलं यावर दोघांचं भांडण लागायचं. "तुमची पुण्याई रस्त्यावर सांडते," आई म्हणायची, "माझी पातेल्यात राहते."

असा त्यांचा संसार. त्यात प्रेमाचा एक शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं, तोही ते वाचवतात.

*

गाडी आणायला नाना एसटीने देवरूखला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत यायचं ठरलं होतं. ते आले नाहीत. संध्याकाळीही आले नाहीत.

दादा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. "देवरूखहून गाडी आणायला एवढा वेळ? उद्या आईला न्यायचंय आणि हे फिरतायत कुठे? वाटेत एखादी शाळा लागली असेल. दोन खोकी खडू विकून येतील."

"दादा, हळू."

"मी सांगून ठेवतो, अँब्युलन्सवाल्याला नाही म्हटलेलं नाही मी. सकाळी यांची गाडी बघतो. मला पटलं नाही तर आई अँब्युलन्समध्ये जाईल. मग यांना रागवायचं तर रागवू दे."

सकाळी मी खाली उतरले तेव्हा फियाट दवाखान्याच्या दारात उभी होती आणि दादा तिच्या उघड्या डिकीसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे काय आहे?"

"तांदूळ," नाना म्हणाले. डिकीत चार भरलेली पोती होती.

मी दादाकडे बघितलं. या डिकीत नाना छत्रीसुद्धा राहू देत नसत. वजन म्हणजे पेट्रोल. एकदा आई माहेरून नारळ आणायला निघाली तर ते फोडून करवंट्या तिथेच टाकून ये, असं म्हणाले होते.

"रिकामी गाडी उडते," नाना म्हणाले. "भरलेली बसते." मग ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले, खिशातून हवा मोजायचं नळकांडं काढलं आणि चाकातली हवा सोडायला लागले. दर रविवारी चाकं दगडासारखी टणक करून घेणारे नाना. फुस्स आवाज येत राहिला. त्यांनी अंगठ्याने चाक दाबून पाहिलं, आणखी थोडी सोडली, आणि पुढच्या चाकाकडे सरकले.

मला वाटतं त्या क्षणी दादाने अँब्युलन्सचा विचार सोडला नव्हता, पण बाजूला ठेवला.

गाडीत मागे घरातल्या सगळ्या गोधड्या होत्या. पुढच्या आणि मागच्या सीटमधली जागा नानांनी घड्या घालून भरून काढली होती, वर एक अख्खी अंथरली होती. आईला चौघांनी चादरीसकट उचलून आत घेतलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं. येतानाही हेच दिलं होतं.

"सांभाळून जावा ओ काका," सिस्टर खिडकीतून म्हणाल्या.

आईने नाक हलवलं. "भाताचा वास येतोय," ती म्हणाली.

*

मला मागून नानांचं दिसत होतं ते एवढंच. मानेवरचे पांढरे केस, उजवा कान, आणि आरशातले दोन डोळे. दादा त्यांच्या शेजारी, हात डॅशबोर्डवर रोवून बसला होता. गाडी दवाखान्यातून कधी सुटली ते मला कळलं नाही. दारावरचा लिंबू-सरबताचा गाडा मागे सरकायला लागला म्हणून समजलं.

मी त्या गाडीत लहानाची मोठी झाले. नानांच्या त्या संथ चालीचा मला कंटाळा होता, मैत्रिणींसमोर लाज वाटायची. त्या चालीकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघण्याचं साधन माझ्या मांडीवर होतं. आईचं डोकं. गाडीला काहीही झालं असतं तर ते मला आधी तिथे कळलं असतं. मी कोल्हापूर संपेपर्यंत श्वास धरून वाट बघत होते. डोकं हललं नाही. पाण्यावर ठेवलेल्या फुलासारखं ते फक्त होतं.

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर होत्या. नाना त्यांच्या मागे लागत नव्हते. लांबूनच अशा बेताने जायचे की ट्रॉली बाजूला व्हायला आणि आम्ही पोचायला एकच गाठ पडायची. सिग्नल नव्हते, पण गावं होती, गाईगुरं होती, शाळेत जाणारी मुलं होती. कुठे काय होणार ते त्यांना आधी दिसत होतं. रस्त्याच्या कडेची एखादी म्हैस वळायचा विचार करत असेल तर तो म्हशीआधी नानांना कळत होता. पाय निघायचा, गाडीचा आवाज किंचित खाली यायचा, म्हैस रस्ता ओलांडायची, आवाज परत वर यायचा. ब्रेकच्या पेडलची ती ओळखीची कुरकुर मी एकदाही ऐकली नाही.

बांबवड्याच्या पुढे आईचे डोळे मिटले. मला वाटलं दुखतंय. मग तिचा खालचा ओठ सैल पडला.

"झोपली," मी हलकेच म्हणाले.

दादाने मान मागे वळवली. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्या तोंडात पदर नव्हता.

त्यानंतर ती खूण माझ्या लक्षात आली. त्या रस्त्याला झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले असतात. एका झाडाच्या पांढऱ्या पट्ट्यावर निळी फुली होती. मी ती पाहिली, आणि जरा वेळाने नानांनी पाय काढला. गाडी मंदावत गेली आणि एका मोठ्या खड्ड्याच्या कडेने, एक चाक रस्त्याच्या मातीवर घेऊन, अलगद पुढे गेली. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मग दुसरं झाड आलं, त्यावर निळी फुली, आणि पुढे खचलेली मोरी. मग एक मैलाचा दगड. त्यावर फुलीऐवजी दोन आडव्या रेघा होत्या आणि पुढे रस्ता दोनदा उखडलेला होता.

दादालाही ते दिसलं होतं. तो पुढे वाकून बघत होता. पुढची खूण आली तेव्हा त्याने तिच्याकडे बोट केलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

"नाना," तो म्हणाला, "हा आपला खडू आहे."

"हळू बोल."

"काल तुम्ही हे करत होतात?"

"लिहून ठेवलं नाही की विसरतो आता मी."

दादा इंजिनियर आहे, त्याच्या डोक्यात हिशेब आपोआप होतो. "पण खुणा सगळ्या आपल्या बाजूला आहेत. डाव्या. तुम्ही तर देवरूखहून इकडे आलात. म्हणजे येताना ही तुमची बाजू नव्हती."

"नव्हतीच."

"मग?"

"मग काय? कोल्हापूरपर्यंत आलो, वळवली, परत घरापर्यंत गेलो बघत बघत, आणि पुन्हा आलो. त्या बाजूच्या खड्ड्यांवरून या बाजूचे कसे कळणार?" नाना आरशात बघून म्हणाले, "उठली नाही ना?"

"नाही."

दादाने डॅशबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. तिथून पुढे त्याने रस्त्याकडे बघितलं नाही. तो नानांच्या पायांकडे बघत होता.

*

घाट लागायच्या आधी नानांनी गाडी दुसऱ्या गियरला घेतली. दांडा ते असा हलवत होते, जसा कुणी झोपलेल्या माणसाच्या हातातला चष्मा काढून घेतो. लहानपणी मी विचारलं होतं, उतारावर इंजिन बंद केलं तर पेट्रोल अजिबात लागणार नाही, मग तुम्ही का नाही करत? तेव्हा ते एकदम गंभीर झाले होते. "घाटात पुण्याई मोकळी सोडायची नसते, वासू. ती बांधून खाली आणायची."

ती कशी बांधतात ते मी त्या दिवशी पाहिलं. गाडी स्वतःच्याच इंजिनाला रेलून उतरत होती. डाव्या हाताला दरी होती, फेब्रुवारीच्या धुरकट उन्हात खालचं कोकण निळं दिसत होतं. वळणं एकामागून एक येत होती आणि मी प्रत्येक वळणाला आईच्या डोक्याभोवती तळवे धरत होते, ते सरकेल म्हणून. ते सरकत नव्हतं. वळण कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते मला फक्त खिडकीतून कळायचं. मी पुष्कळ वाचलेली बाई आहे. अचाट माणसांबद्दल वाचायची मला आवड आहे. पण डोळ्यांसमोर एखादं माणूस आपल्याला जमतं ते सगळंच्या सगळं एकदम करत असताना मी तेवढं एकदाच बघितलंय, आणि तेही पाठमोरं.

घाटाच्या मध्यावर गाड्या थांबल्या होत्या. पुढच्या वळणावर चिऱ्यांचा एक ट्रक आडवा होऊन बंद पडला होता. नानांनी लांबूनच पाय काढला होता, तरी उतार होता. तिथे त्यांनी पहिल्यांदा ब्रेकवर पाय ठेवला. इतका सावकाश, की गाडी थांबली तो क्षण मला सापडलाच नाही.

आमच्या घरात एक रीत होती. गाडी कुठे थांबली की पुढे बसलेल्या मुलाने किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं. नानांनी सांगायच्या आत. ज्याला सांगावं लागेल त्याची पुढची जागा गेली. दादाने अनेक वर्षं ती जागा राखली होती. त्याचा हात आपोआप किल्लीकडे गेला.

नानांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"नाना, वेळ लागेल. ट्रक हलणार नाही इतक्यात. पेट्रोल..."

"जळू दे."

दादाने हात मागे घेतला. इंजिन चालत राहिलं. त्या आवाजाची आईला आता सवय झाली होती, तो थांबला असता तर ती जागी झाली असती. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मला फक्त ते दोन शब्द ऐकू येत होते. नानांच्या तोंडून ते दोन शब्द ऐकू येतील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मागे गाड्या साठायला लागल्या आणि हॉर्न सुरू झाले. पहिला जवळचा होता, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपचा, तिरपा कर्कश. आईच्या कपाळावर आठी आली. माझ्या मांडीवर तिची मान ताठ झाली.

नानांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांना ब्रेकवरचा पाय काढता येत नव्हता. मला आईचं डोकं सोडता येत नव्हतं. आम्ही दोघांनी दादाकडे बघितलं.

दादाने दार उघडलं, उतरला आणि ते न लावताच मागे गेला.

पुढचं मी काचेतून ऐकलं.

"काय झालंय ओ सायेब? मयत हाय काय गाडीत?"

"नाही. आई आहे माझी. आजारी आहे. झोपलीय."

"झोपलीय?" जीपवाल्याचा आवाज चढला. "ह्या घाटात? आमच्या गाडीत तर धडधाकट माणसं वकाय लागल्यात."

"ती पाठीच्या दुखण्याने झोपत नाही. आज झोपलीय. तेवढा हॉर्न..."

मग जीपचं दार वाजलं, आणि लगेच कुणीतरी त्या दारावर खेकसलं, "हळू लाव की! ऐकू येत न्हाई व्हय, म्हातारी निजलीया!" जीपवाला खाली उतरून मागच्या टेंपोकडे निघाला होता. "ए बाबा, हॉर्नवरनं हात काढ. पुढं आई निजल्यात." "कुणाची आई?" "असंल कुणाची तरी! तुला काय करायचंय? काढ हात."

हॉर्न एक एक करत बंद होत गेले. आधी जवळचे, मग लांबचे, मग वळणाआडचे. दादाला मी पुढे विचारलं, किती लांबवर गेलास? तो म्हणाला, मी दुसऱ्या गाडीपुढे गेलोच नाही, ते आपोआप मागे गेलं. जीपमध्ये एक बकरी होती, ती ऐकेना. तिच्या मालकिणीने आपल्या भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडात दिला आणि तोंड दोन्ही हातांनी धरून बसली, असं तो सांगतो.

मला एवढं ठाऊक आहे की नंतर घाटात वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. आणि आमच्या फियाटच्या इंजिनाचा, बारीक, एकसारखा. माणसं कठड्यावर बसली होती, बिड्या ओढत होती आणि कुजबुजत होती. आईच्या कपाळावरची आठी गेली.

ट्रक बाजूला झाला तेव्हा पुढच्या वळणावरच्या माणसाने ओरडून हाक मारली नाही, हात हलवून दाखवलं. दादा आत येऊन बसला. त्याने दार ओढून धरलं, लावलं नाही. घाटाखालच्या साखरप्यापर्यंत तो तसाच दार धरून बसला होता.

*

आई त्यानंतर कैऱ्यांत बाठा धरेपर्यंत होती. तिच्या खोलीत. ते दिवस सोपे नव्हते, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

देवरूखला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दादा पिंपळाशीच उतरून पुढे धावला. आमचं फाटक करकरतं, म्हणून त्याने ते बिजागरीतून अर्धं उचलून धरलं आणि तसंच उघडलं. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या होत्या. त्यांना त्याने ओठांवर बोट ठेवून दाखवलं. गाडी आत आली आणि पडवीसमोर उभी राहिली. नानांनी हातब्रेक एकेक दाता मोजल्यासारखा वर घेतला. इंजिन त्यांनी चालूच ठेवलं.

कुणी हललं नाही. दादा फाटक हातात धरून उभा. काकू कुंपणाशी. माझा पाय बधिर झाला होता.

आईचे ओठ हलले. डोळे तिने उघडले नाहीत.

"घाट कधी लागायचा हो?" ती म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं. सांगायचं होतं, आई, अगो आलो घरी. पण नाना माझ्याआधी बोलले. मागे न वळता, नेहमीच्या आवाजात.

"आहे अजून वेळ. झोप तू."

"लागला की उठवा मला."

"उठवतो."

तिने मान माझ्या मांडीवर जराशी वळवली आणि परत झोपली. समोर आमच्या पडवीची भिंत होती. नाना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या भिंतीकडे बघत राहिले, जसं पुढे लांब कुठेतरी एक वळण आहे आणि पाय आत्तापासूनच हलका करायला हवा.